मैनाला गोळी घालणार नाही, साहेब

लष्करात होतो म्हटलं की लोक काश्मीरचं विचारतात. बर्फ किती असायचं, झोप लागायची का, गोळी कुठे लागली. मी जतचं सांगायला लागलो की तोंडं वाकडी होतात. जतला कसली आलीय लढाई? त्यातून गोष्ट कुत्रीची, तीही माजावर आलेल्या कुत्रीची म्हटल्यावर बायका उठून आत जातात आणि पुरुष मिशीतल्या मिशीत हसतात. हसू दे. मी उभी नोकरी श्वानपथकात काढली आहे. ज्यांना लाज वाटते त्यांनी पुढचं वाचू नये.

आमचं गाव वडूजजवळ. मी हवालदार होतो, कामाने डॉग हँडलर. नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. युनिट उत्तरेत असताना मूव्ह ऑर्डर आली: जत तालुका, जिल्हा सांगली. घरापासून एसटीने अर्ध्या दिवसावरचं पोस्टिंग मला नोकरीत एकदाच मिळालं. बायकोला वाटलं, मी वशिला लावला.

कर्नाटकच्या हद्दीजवळ एक मोठा माळ आहे. तिथे पूर्वी तोफांचा सराव चालायचा. सराव बंद झाला होता आणि ती जमीन चरायला परत द्यायची होती. पण जमिनीत ब्लाइंड होते. ब्लाइंड म्हणजे तोफेतून सुटलेला, पण न फुटलेला गोळा. काही वर दिसायचे, बरेचसे वीतभर मातीखाली. त्यावर मेंढराचा खूर पडला तरी फुटेल, नाहीतर नांगर बसला तरी फुटणार नाही. भरवसा नाही. सापडलेले गोळे उडवणारी तुकडी इंजिनिअर्सची, तिचे कॅप्टनसाहेब मेरठकडचे. वयाने तरुण, कामाला कडक. गोळे शोधायला कुत्री आमची.

कुत्री दोन. माझी मैना, लॅब्राडोर, काळी, वय सव्वा वर्ष, ट्रेनिंगमधून थेट आलेली. दुसरा बादल, अल्सेशियन नर, अनुभवी. त्याचा हँडलर लान्स नायक दस्तगीर मुलाणी, आमच्याच तालुक्यातला, औंधचा. तोंडाने सतत चालू. बादलला रोज सकाळी विचारायचा, "काय सायेब, आज कामाला येताय का सिक रिपोर्ट?"

कॅम्प माळाच्या मधोमध होता, कारण जुन्या दगडी खोल्या आणि पाण्याची टाकी तिथेच होती. गेटपासून कॅम्पपर्यंत गाडीवाट. ती आम्ही सगळ्यात आधी साफ केली आणि दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ मारली. रेघेच्या आत जीव सुरक्षित. रेघेच्या बाहेर ज्याचं त्याचं नशीब.

रोजचं काम साधं होतं. सूर्य वर यायच्या आत फॉल-इन. कुत्र्यांची तपासणी, पंजे, नाक, कान, डोळे. मग लेनवर, म्हणजे माळावर आखलेल्या पट्ट्यात. मैना पुढे, मी लांब दोरीवर मागे. तिला दारूगोळ्याचा वास आला की ती खाली बसायची आणि माझ्याकडे बघायची. बसली की मी निशाण रोवायचो आणि तिला शाबासकी द्यायचो. ऊन चढलं की काम बंद, कारण तापलेल्या मातीत कुत्र्याचं नाक चालत नाही. दुपारी अंग घासणं, पाणी, खाणं, आराम. पहिल्या दोन आठवड्यांत मैनाने बादलपेक्षा जास्त गोळे काढले. दस्तगीर म्हणायचा, "बादल तिला लाजतोय वो."

एका सकाळी तपासणीत तिच्या गोणपाटावर रक्ताचे थेंब दिसले. पंजा फाटला असेल म्हणून चारही पाय बघितले. मग शेपूट उचलून बघितलं. सूज होती. मैना पहिल्यांदाच माजावर आली होती.

तिला स्वतःलाच काही कळत नव्हतं. सारखी मागे वळून चाटायची, परत माझ्याकडे बघायची. खाणं सोडलं. मी बसलो की माझ्या बुटावर हनुवटी ठेवून पडायची. पोर घाबरली होती, दुसरं काही नाही. मी तिच्यापाशी बसलो आणि सांगितलं, काही झालेलं नाही तुला. कुत्र्याला भाषा कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी कुत्रं पाळलेलं नसतं.

आमच्या पथकात याला सीझन म्हणतात आणि त्याचे नियम ठरलेले आहेत. तीन आठवडे काम बंद. वेगळी खोली, सावली, भरपूर पाणी. लाल औषधाच्या कोमट पाण्याने दिवसातून दोनदा स्वच्छता. गोणपाट रोज बदलायचं आणि जुनं जाळायचं. अंघोळ घालायची नाही. फिरवायचं ते दोरीवर, नराचा माग नाही अशा बाजूला. तिला सांभाळणाऱ्याने नर कुत्र्याच्या जवळही जायचं नाही, कारण वास बुटाला आणि पँटला लागतो, आणि मग तो नर दारूगोळा सोडून तुमच्या पँटच्या मागे लागतो. म्हणून मी आणि दस्तगीर लांबूनच बोलू लागलो. तो लंगरच्या या टोकाला जेवायचा, मी त्या टोकाला. तो तिथून ओरडायचा, "हवालदारसाहेब, बाळंतीण कशी हाय?"

"बाळंतीण व्हऊ नये म्हणूनच बसलोय हितं," मी म्हणायचो. सगळा लंगर हसायचा.

खरंच त्यासाठीच बसलो होतो. पहिल्याच माजाला कुत्री गाभण राहिली तर कोवळ्या अंगाची वाट लागते. हाडं अजून भरत असतात, त्यात पोटात सात-आठ पिल्लं. गावाकडे हे कुणी बघत नाही. माजावरची कुत्री मागे लागलेल्या नरांच्या हवाली करतात, आणि पिल्लं झाली की त्यातल्या माद्या पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडून येतात. मादी नको, दारात कुत्री जमतात, लोक हसतात. दोष सगळा मादीचा. मला याची लहानपणापासून चीड आहे.

मी कॅप्टनसाहेबांना रिपोर्ट दिला आणि विनंती केली, तिला गाडीने परत पाठवा, सीझन संपला की आणा.

"और काम कौन करेगा? तुम सूँघोगे?" साहेब म्हणाले.

"साहेब, ती आता काम करणार नाही. आणि इथे राहिली तर आसपासची सगळी कुत्री येतील. रेंजवरून, न फुटलेल्या गोळ्यांतून येतील."

"आने दो. कुत्ते हैं."

विषय संपला. सैन्यात वरच्याने संपवला की विषय संपतो. मी माझ्या पैशाने जतहून जाड कापड आणलं आणि तिला लंगोट शिवला. तिने दोनदा फाडला, तिसऱ्यांदा ठेवला.

पहिला आठवडा निभावला. दोन-चार कुत्री आली, लांबून बघून गेली. दुसऱ्या आठवड्यात रक्त कमी झालं, मग जवळपास थांबलं. इथेच लोक फसतात. रक्त थांबलं म्हणजे माज संपला असं समजतात. उलट खरा धोका तिथून पुढे असतो, कारण तोवर कुत्री नराला जवळ येऊ देत नाही आणि आता देते. आमचा लंगरचा कुक, स्वभावाने गरीब आणि स्वच्छतेचा भारी नाद, त्यालाही तसंच वाटलं. मी जाळायला काढून ठेवलेली गोणपाटं त्याने उचलली, सोडा घालून धुतली आणि वाऱ्याच्या बाजूच्या तारेवर ओळीने वाळत घातली. माणसाच्या नाकाला ती स्वच्छ होती. कुत्र्याच्या नाकाला ते आमंत्रण होतं, आणि जतच्या माळावर वारा कुठे अडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पभोवती सतरा-अठरा कुत्री होती. वाड्यावस्त्यांवरची, कर्नाटकातली, धनगरांची मोठमोठी केसाळ, गळ्यात खिळ्यांचे पट्टे असलेली. ती गाडीवाटेने आली नव्हती. नाकासमोर, माळ तुडवत आली होती. एकही गोळा फुटला नाही हे नवल. मैनाच्या खोलीच्या दाराला नखं लागत होती. आत मैना एकदा दाराकडे जायची, एकदा माझ्या पायात शिरायची.

मी ओरडून सांगितलं, कुणी हुसकू नका. पण पहाऱ्यावरच्या एका संत्रीने दगड भिरकावला. दगड एका तपकिरी कुत्र्याच्या पाठीत बसला. ते केकाटत चुन्याची रेघ ओलांडून पळालं. शंभर पावलंही गेलं नसेल. आवाज झाला, मातीचा खांब वर उठला आणि खाली आला. कुत्रं कुठे दिसलं नाही.

सगळे जागच्या जागी थिजले. मग साहेबांच्या हातातला वायरलेस सेट खरखरला. गेटवरचा संत्री बोलत होता.

"डेल्टा, गेट. एक धनगर आत शिरला. थांबत नाही. ओव्हर."

"रोको उसे. ओव्हर."

"काठी उगारतोय साहेब. म्हणतो माझी कुत्री आत हायत. ओव्हर."

"रेघेच्या आतून चाल म्हणावं त्याला," मी साहेबांच्या हातातला सेट न विचारता घेऊन म्हणालो. "पांढऱ्या रेघेबाहेर पाय टाकू नको म्हणावं. ओव्हर."

धनगर आला तो घामाने निथळत आणि संतापलेला. नाव मायाप्पा. साठीचा, खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. त्याची पाच कुत्री आमच्या कॅम्पात होती आणि तिकडे मेंढरं राखणीशिवाय पडली होती. त्या भागात लांडगे आहेत. आदल्या रात्रीत त्याची दोन मेंढरं गेली होती.

"कुटं हाय ती तुमची रांड?" त्याने विचारलं.

"तोंड सांभाळून बोल, मामा. ती सरकारी नोकर हाय."

"सरकारी असू दे न्हाईतर पाटलाची असू दे. घासलेट आन. श्यापटीखाली घासलेट लाव, वास मरतुया. आमी तसंच करतुया."

"मामा, ती नाकावर जगती. घासलेट लावलं तर महिनाभर तिला दुसरा वास येनार न्हाई. आन कातडं भाजंल ते येगळंच."

"मग गोळी घाल तिला. तुजी येक जाईल, माजी पाच वाचतील. तुमास्नी कुत्र्यांची काय कमी?"

कॅप्टनसाहेबांना मराठी बेताचं यायचं. पण गोळी हा शब्द त्यांना कळला. ते त्या धुरळ्याकडे बघत होते. मला आज त्यांचं म्हणणं समजतं. अजून एक धनगर कुत्र्यामागे आत शिरला, रेघ चुकला, तर माणूस मरणार होता आणि जबाबदारी त्यांची होती. गाडी दुरुस्तीला मिरजेला गेली होती, दुसऱ्या दिवसाशिवाय येणार नव्हती. त्यांनी हिशेब केला आणि माझ्याकडे वळले.

"हवालदार, बूढ़ा ठीक कहता है. खत्म करो इसे. रिपोर्ट मैं बनाऊँगा."

"नाही साहेब," मी म्हणालो.

सैन्यात हा शब्द नसतो. आजूबाजूचे जवान एकदम ताठ झाले. दस्तगीर बादलला धरून लांब उभा होता, त्याने बादलची दोरी आखडून धरली.

"क्या कहा?"

"मैनाला गोळी घालणार नाही, साहेब. ती जवान आहे. तिला नंबर आहे, रेशन आहे, तिचं सर्व्हिस रेकॉर्ड आहे. आजवर जेवढा माळ साफ झाला, त्यातला निम्मा तिने केलाय. माजावर आली हा तिचा गुन्हा नाही."

"यह ऑर्डर है."

"चार्ज लावा साहेब. हातावरची पट्टी काढा. पण आधी माझं ऐका. ती मेली तर ही कुत्री काय करतील? वास हवेत आहे, जमिनीत आहे, तारेवर आहे. दिवसभर इथेच घुटमळतील, आणि कंटाळली की चारी दिशांना घरी जातील. जशी आली तशी, माळावरून. मग सतरा वेळा तोच आवाज ऐकायचा. त्यांच्या मागे त्यांचे मालक येतील. इथून त्यांना सरळ वाटेने बाहेर नेईल असा एकच प्राणी या कॅम्पात आहे, आणि त्यालाच तुम्ही गोळी घालायला सांगताय."

मी गाडीवाटेकडे बोट दाखवलं.

"मी तिला खांद्यावर घेतो आणि गाडीवाटेने गेटपर्यंत चालतो. सगळी माझ्या मागे येतील. रेघेच्या आत."

"और कोई कुत्ता लाइन से बाहर गया, और तुम्हारे बगल में धमाका हुआ तो?"

"मग चार्ज कुणावर लावणार साहेब? मी नसेनच."

मला त्या क्षणी भीती वाटत होती. पण राग भीतीपेक्षा मोठा होता, आणि रागाने माणूस कधीकधी सरळ बोलतो. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, माळाकडे बघितलं, मग म्हणाले, "वन चान्स. सेट साथ रखो."

मी मायाप्पाला सांगितलं, "मामा, गेटवर जा. दोऱ्या घे, आजूबाजूच्या वस्तीवरची मानसं घे. एकेक कुत्रं बाहेर आलं की धरायचं आन बांधायचं. आरडाओरड न्हाई."

तो घोंगडं सावरत म्हणाला, "तू कुटला रं?"

"वडूजचा."

"मग जा. येड्यांचं गाव हाय ते," तो म्हणाला आणि रेघेच्या मधून झपाझप निघाला.

दस्तगीरने बादलला खोलीत कोंडलं, कडी लावली, वर कुलूप लावलं. मग तारेवरची गोणपाटं ओढून काढली, त्यांचा गठ्ठा बांधला आणि त्याला दोरी लावली. मी त्याला यायला सांगितलं नव्हतं. "मी मागं ह्यो गठ्ठा वढत येतो," तो म्हणाला. "वर नवरी, खाली करवली. कुत्री वाट सोडायची न्हाईत."

मी मैनाचा लंगोट घट्ट केला आणि तिला दोन्ही खांद्यांवर आडवी घेतली, मेंढपाळ कोकरू घेतो तशी. पुढचे पाय एका हातात, मागचे दुसऱ्या हातात. वजन पंचवीस किलोच्या आसपास. तिचं काळीज माझ्या मानेवर धडधडत होतं. दार उघडलं आणि चालायला लागलो.

घाई करायची नव्हती. पळालो असतो तर कुत्री पळाली असती आणि पळणारं कुत्रं रेघ बघत नाही. माझ्या मागे दस्तगीर, हातात काठी, काठीच्या मागे घसटत येणारा गठ्ठा, आणि त्याच्या मागे ती सगळी वरात. गुरगुर चालली होती. एकदोन धीट कुत्री माझ्या पाठीवर झेप घ्यायला बघायची, दस्तगीर काठी आडवी धरून त्यांना मागे रेटायचा. मारायचा नाही, रेटायचा.

"डेल्टा वन, सिच्युएशन? ओव्हर," माझ्या कमरेच्या सेटवर साहेबांनी विचारलं.

मैनाचे चारही पाय क्षणभर एका हातात घेऊन मी बटण दाबलं. "चालतोय साहेब. ओव्हर."

निम्म्या वाटेवर दोन मोठी कुत्री एकमेकांच्या गळ्याला भिडली. त्यातलं एक मायाप्पाचं होतं, पांढऱ्या छातीचं. लोळत लोळत दोघं चुन्याच्या रेघेबाहेर गेली. तिथून वीस-पंचवीस पावलांवर मैनाने माजावर येण्याआधी दाखवलेला गोळा होता, अजून न उडवलेला, वर लाल निशाण. मी थांबलो. दस्तगीर थांबला. सगळी कुत्री थांबली आणि भांडणाकडे बघू लागली. आणखी दोघं तिकडे निघाली.

"दस्तगीर, जागचा हलू नको," मी म्हणालो. कारण त्याचा पाय उचलला गेलेला मला दिसला होता.

"सायेब, निशानापाशी गेल्याती."

"दिसतंय मला. हलू नको. हा हुकूम हाय."

दस्तगीरने तोंडात बोटं घालून शीळ घातली. काही झालं नाही. मग मैना बोलली. भुंकली नाही, विव्हळलीही नाही. नाकातून एक बारीक, लांब आवाज काढला, जो मी तिच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. ती दोन्ही कुत्री भांडण अर्धं सोडून उठली आणि शेपट्या वर करून रेघेच्या आत आली. इतक्या वर्षांत मी कुठल्या कमांडरचा हुकूम इतक्या पटकन पाळलेला पाहिला नाही.

"अशी असती कमांड," दस्तगीर म्हणाला आणि गठ्ठ्याची दोरी परत ओढायला लागला.

गेटवर मायाप्पा आणि सात-आठ माणसं दोऱ्यांचे फास करून उभी होती. एकेक कुत्रं बाहेर येताच मानेत दोरी. मायाप्पाचं पांढऱ्या छातीचं सगळ्यात शेवटी आलं. त्याने ते धरलं, त्याच्या अंगावरून हात फिरवला, कान पिळला आणि तिथेच खाली बसला. मोजून सगळी बाहेर आली होती. मी सेटवर कळवलं. पलीकडून "रॉजर" एवढंच आलं.

मैनाला परत आत न्यायचं नव्हतं. गेटबाहेर टँकरच्या टाकीशेजारी पंपाचं दगडी खोपटं होतं, लोखंडी दाराचं. सीझन संपेपर्यंत मी आणि ती तिथे राहिलो. मायाप्पाने आपली कुत्री साखळीने बांधली आणि स्वतः दोन दिवस मेंढरं राखली. तिसऱ्या दिवशी त्याची बायको लगमव्वा बाजरीची भाकरी आणि ताक घेऊन आली. भाकरी माझी, ताक मैनाचं. तिने मैनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि कानडीत काहीतरी म्हणाली. मी अर्थ विचारला.

"कवळी हाय पोर, जप, म्हनलं," ती म्हणाली. मायाप्पाकडे बोट करून पुढे म्हणाली, "ह्यास्नी काय कळतंय."

मला ऑर्डरली रूममध्ये, म्हणजे चार्ज ऐकायला साहेबांपुढे, उभं केलं. टोपी काढून, पट्टा काढून. हुकूम मोडला, वरिष्ठाच्या हातातून सेट घेतला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. साहेबांनी विचारलं, काही म्हणायचं आहे? मी म्हणालो, परत वेळ आली तर परत हेच करीन. रेकॉर्डवर लाल शाईची नोंद झाली आणि माझी नायब सुभेदारी कायमची हुकली. मला त्याचं काडीचं दुःख नाही. घरच्यांना होतं, अजून आहे. त्यांना मी मैनाचा फोटो दाखवतो.

साहेबांबद्दल एक सांगायला हवं. सीझन संपल्यावर मैना पहिल्यांदा लेनवर आली तेव्हा ते स्वतः आले. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "फिट?" "फिट, साहेब." "तो लगाओ." पहिल्याच तासात ती तीनदा बसली. पावसाळ्याच्या आधी माळ साफ झाला आणि मेंढरं आत सोडली गेली. त्या जमिनीवर त्यानंतर कुणी जिवाला मुकल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

नंतर आम्ही परत उत्तरेत गेलो. काश्मीर खोऱ्यात मैनाने माझ्याबरोबर दोन वर्षं काम केलं. रोज पहाटे रस्ता तपासायचा, मग त्यावरून गाड्या सोडायच्या. सहा महिन्यांनी सीझन यायचा, मी रिपोर्ट द्यायचो, ती तीन आठवडे आराम करायची आणि कुणी चकार शब्द काढायचा नाही. मग माझा गुडघा गेला आणि मला मागे, ट्रेनिंगला पाठवलं. बादल तोवर म्हातारा झाला होता. मी मैनाची दोरी दस्तगीरच्या हातात दिली. तो नायक झाला होता. त्याला सगळं सांगितलं: रक्त थांबल्यावर जास्त जप, लंगोट मऊ कापडाचा शिव, ती घाबरली तर बूट पुढे कर. "हवालदारसाहेब," तो म्हणाला, "मी तिची करवली हाय. मला शिकवू नका."

एका सकाळी रस्त्याच्या कडेला, एका मोरीपाशी, मैना खाली बसली. दस्तगीरने हात वर करून मागच्या गाड्या थांबवल्या. तो तिला मागे ओढत असताना कुणीतरी लांबून बटण दाबलं. मागच्या गाड्यांमधले सगळे जवान वाचले. त्या दोघांना एकत्रच उचललं, कारण दोरी त्याच्या मनगटाला गुंडाळलेली होती. मला ही बातमी ट्रेनिंगच्या मैदानावर मिळाली. मी त्या दिवशी सुट्टी मागितली नाही. रंगरुटांना शिकवत राहिलो आणि संध्याकाळी लंगरच्या मागे जाऊन मोठ्याने रडलो.

पेन्शनवर आलो त्या वर्षी औंधला झेंडावंदनानंतर आमच्या माजी सैनिकांची सभा होती. शहिदांची नावं मोठ्याने घेतात आणि सगळे दोन मिनिटं उभे राहतात. पुढच्या रांगेत दस्तगीरची आई बसली होती. त्याचं नाव घेतलं गेलं. मी उठून म्हणालो, "आणि मैना."

काही जण हसले. सूत्रसंचालन करणारे सुभेदार म्हणाले, "हवालदार, शोभतं का हे? शहिदाच्या शेजारी कुत्रीचं नाव? ते बी त्याच्या आईसमोर?"

मला त्या बाईकडे बघायचा धीर होईना. तिचं मन दुखावलं असेल तर मी गप्प बसणार होतो. नोकरीत हुकमाला नाही म्हणालो, तिला नाही म्हणू शकलो नसतो.

ती पदर सावरून उठली. "माझं लेकरू गेलं तवा त्याच्याजवळ कोन व्हतं?" तिने विचारलं. "तुमी व्हता का, सुभेदार?"

सुभेदारांनी नकारार्थी मान हलवली.

"तर मग घ्या तिचं नाव," ती म्हणाली आणि उभीच राहिली.

सुभेदारांनी सावधानमध्ये येऊन दोन्ही नावं घेतली, आधी नायक दस्तगीर मुलाणी, मग मैना, आणि आम्ही सगळे उभे राहिलो.